धरणावर गळ टाकायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनी, कोयना, भंडारदरा, मुळशी अशा महाराष्ट्रातल्या धरणांच्या पाण्यात हौसेने रॉड घेऊन बसणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. जाळं लावून पोट भरणाऱ्यांना यातलं काहीही शिकवायची गरज नाही. उलट यातलं बरंचसं त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे. नदीला किंवा गावतळ्याला हे जसंच्या तसं लागू पडणार नाही.

तासन्‌तास बसूनही काही लागत नाही. आमिष चुकतंय का?

आमिषाला दोष देणं सोपं असतं, पण बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. धरण म्हणजे मोठं तळं नव्हे. तळ्याची पातळी वर्षभरात हातभर हलते. धरणाची पातळी कित्येक मीटर खाली येते आणि पुन्हा चढते. जून ते सप्टेंबर पाणी येतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरतं, मग रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं सुटतात आणि मे अखेरीस पाणी तळाला जातं. त्यामुळे दिवाळीत ज्या खडकावर बसून तुम्हाला मासा मिळाला, तो मार्चमध्ये पाण्यापासून दोन-तीनशे पावलं लांब कोरडा पडलेला असतो. मासा पाण्याबरोबर सरकला, आपण मात्र जुन्या आठवणीपाशी बसलो.

म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न एकच: पाणी चढतंय की उतरतंय?

चढत असेल तर मासा काठाकडे येतो. नुकत्याच बुडालेल्या गवतात, बाभळींच्या बुंध्यांत, गाळपेरीच्या (पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरलेल्या) रानात किडे, गांडुळं, दाणे असं नवं खाणं असतं. अशा वेळी लांब फेकणारा रिकामा राहतो आणि गुडघाभर पाण्यात गळ टाकणाऱ्याला कार्प, म्हणजे रोहू-मृगळाच्या कुळातला मासा, मिळतो. पाणी उतरत असेल तर मासा उथळ जागा सोडून जुन्या नदीपात्राच्या कडेला, ओढ्याच्या बुडालेल्या घळीत, दगडी बांधाच्या सावलीत जाऊन थांबतो. पातळी आठवडाभर स्थिर असेल तर ते सगळ्यांत चांगले दिवस, कारण माशाचा येण्याजाण्याचा रस्ता ठरलेला असतो.

जुनं पात्र कुठे आहे हे पाण्याखालचं कसं कळणार?

मे महिन्यात रॉड न घेता एक फेरी मारा. पाणी तळाला गेलं की सगळं उघडं पडतं: जुने रस्ते, विहिरी, बांध, घरांची जोती. उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं तेव्हा लोक फोटो काढायला जातात. मासे धरणाऱ्याने आजूबाजूच्या जमिनीचा उतार बघावा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि किनाऱ्यावरच्या न हलणाऱ्या खुणा जोडून घ्या, म्हणजे एखादं देऊळ, टॉवर, डोंगराची सोंड. उपग्रहाच्या नकाशांत जुन्या वर्षांची उन्हाळी चित्रं दिसतात, त्यांचाही उपयोग होतो. नाहीतर सरळ गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. ओढा कुठून जायचा आणि विहीर कुठे होती हे त्याला झोपेतही सांगता येतं.

पाणीसाठ्याची टक्केवारी बघून जावं का?

जरूर. जलसंपदा विभागाचे रोजचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. मात्र एका दिवसाच्या आकड्यातून फारसं कळत नाही. आठवड्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. शिवाय टक्केवारी ही उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली उरणारं पाणी, मोठा असल्यामुळे उन्हाळ्यात तिथली टक्केवारी उणे होते. याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नाही. उलट तेव्हा मासा कमी जागेत एकवटलेला असतो.

परवानगी लागते का?

लागते असंच धरून चला. बहुतेक धरणांचं पाणी आणि भिंत जलसंपदा विभागाची (मुळशीसारखी काही टाटांची), आणि मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. या संस्था पैसे भरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात, म्हणजे पाण्यातला कटला-रोहू हा कुणाच्या तरी कष्टाचा माल असतो. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, हौसेखातर एका रॉडने बसतोय हे सांगा, ते मागतील ती पावती घ्या. ठेका कोणाकडे आहे ते कळत नसेल तर जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा.

काही ठिकाणी मात्र कुणाच्याही होकाराला अर्थ नाही. भिंत, सांडवा, दरवाजे आणि वीजगृहाचा परिसर वर्ज्य असतो. कोयनेच्या शिवसागराचा बराच भाग अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो; जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनविभागाचा नियम चालतो आणि रॉड गाडीतच राहू द्यावा. समुद्रातल्या पावसाळी बंदीच्या तारखा धरणाला लावू नका. इथल्या अटी ठेक्यानुसार असतात, त्या संस्थेलाच विचाराव्या लागतात.

धरणात गळाला कोणकोणते मासे लागतात?

सगळ्यांना एकाच पद्धतीने धरायला गेलात तर एकही धड मिळणार नाही. तोंडाची ठेवण बघितली की अर्धं काम होतं.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून तळाशी ठेवलेला गोळा त्याच्यासाठी नसतोच. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खाली आणि तो चरतोही तळाशी. हे तिघे एकाच धरणात सुखाने राहतात ते याच वाटणीमुळे. सायप्रिनस हा परदेशी कार्प. तो गाळ उकरून खातो आणि काठाजवळच्या गढूळ पाण्यात बुडबुडे दिसले तर बहुधा तोच असतो. गवत्या नावाप्रमाणे वनस्पती खातो. चंदेरा गाळून खाणारा असल्याने गळाला क्वचितच येतो.

तिलापिया, उजनीकडे ज्याला चिलापी म्हणतात, तो भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि आता जवळपास सगळीकडे आहे. अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो, आणि देशी माशांची जागा खातो.

शिकारी मासे वेगळे. मरळ गवताच्या कडेला दबा धरते. शिवडा रात्री फिरतो. त्याचं तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं असतं आणि आत बारीक दातांच्या पट्ट्या असतात. शिंगाळा खोल, दगडी तळाला. वाम दगडांच्या फटीत. आणि सह्याद्रीच्या धरणांत, नशिबात असेल तर, खडस म्हणजे महासीर.

नवखा आहे. कुठल्या माशापासून सुरुवात करू?

तिलापियापासून. भरपूर असतो, दिवसा खातो, गांडुळाला नाही म्हणत नाही आणि ठेवून घेतला तर धरणाचं नुकसान होत नाही. पाठीवरचे काटे आडवे दाबून धरायचे. लहान गळ, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), हातभर खोली, बस्स. पहिल्याच दिवशी खडस धरायला निघालेला माणूस दुसऱ्यांदा फारसा दिसत नाही.

रॉड, रील आणि तंगूस कोणती घ्यावी?

कार्प आणि तिलापियासाठी आठ-नऊ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, स्पिनिंग रील आणि ०.३० ते ०.३५ मिलिमीटरची तंगूस (नायलॉनचा धागा) पुरते. मरळीसाठी सात फुटांचा कडक रॉड आणि विणलेली ब्रेड लाइन, कारण तिला गवतातून ओढून काढावं लागतं. ताणणारी तंगूस तिथे हरते. शिवड्यासाठी गळाच्या आधी स्टीलच्या तारेचा तुकडा लावा, नाहीतर त्याचे दात तंगूस किसून टाकतात.

गळाच्या आकड्यांत नवखे गोंधळतात. १ पर्यंत आकडा मोठा तसा गळ लहान, म्हणजे १२ नंबर ६ पेक्षा छोटा. त्यापुढे १/०, २/० असे मोठे होत जातात. तिलापियाला १०–१२, रोहू-मृगळाला ४–६, मरळीला १/० च्या पुढे.

पैसे कुठे वाचवू नयेत? रीलच्या ड्रॅगवर, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सोडणाऱ्या ब्रेकवर. लाइन तुटण्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणाला ड्रॅग सुटायला हवा. दुकानात रील घेताना लाइन हाताने ओढून बघा; झटके देत सुटत असेल तर ती परत ठेवा. मोठा मासा हातचा जातो तो बहुतेक वेळा पहिल्या धावेत, घट्ट आवळलेल्या ड्रॅगमुळे.

रोहू-मृगळासाठी गोळा कसा करायचा?

शेंगदाण्याची पेंड, गव्हाची कणीक, थोडं भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. पाणी जपून घाला. गोळा गळावर टिकायला हवा, पण पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत सुटायलाही हवा. दगड झालेला गोळा वासच सोडत नाही. लोक यात वेलची, बडीशेप, मध, ताडी, काय काय घालतात आणि आपापल्या मसाल्याची शपथ घेतात. मसाल्यापेक्षा चारा टाकण्याची शिस्त जास्त कामाला येते असं माझं मत आहे. एकच जागा धरा, पेंडीचे मूठभर गोळे तिथेच टाका, थोड्या वेळाने पुन्हा थोडे. तासाभराने कंटाळून जागा बदलली की आधीचा चारा दुसऱ्याच्या माशासाठी टाकल्यासारखं होतं.

चाराही अति करू नका. न खाल्लेली पेंड तळाला कुजते आणि तिथला प्राणवायू कमी करते.

मरळ धरायची खरी युक्ती काय?

ती हवेत श्वास घेते हे लक्षात ठेवणं. मरळीला ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते, त्यामुळे शांत पाण्यात दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसलं तरी ती कुठे आहे ते कळतं. मग त्या जागेच्या पलीकडे रबरी बेडूक टाकायचा आणि गवतावरून उड्या मारत आणायचा. पाणी फुटल्याबरोबर झटका दिला तर बेडूक तिच्या तोंडातून निसटून आपल्याच अंगावर येतो. एक-दोन श्वास थांबा, लाइन ताणली गेली की मग मारा.

आता न पटणारी गोष्ट. पावसाळ्यात पृष्ठभागावर केशरी-लालसर पिल्लांचा दाट थवा दिसतो. त्याच्या खाली आई-बाप दोघंही पहारा देत असतात आणि थव्याजवळ पडलेल्या कुठल्याही वस्तूवर रागाने तुटून पडतात. त्यामुळे तेव्हा मरळ धरणं अगदी सोपं. पण मोठी मासळी काढली की तासाभरात तो थवा इतर माशांच्या पोटात जातो. एका मरळीच्या फोटोसाठी शेकडो पिल्लं. असा थवा दिसला की रॉड आवरून दुसरीकडे जावं.

खडस लागला तर काय करायचं?

आधी सांभाळा. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात आणि त्यांनी तो खेकडे-शिंपले फोडतो. कच्चा गळ तिथे वाकतो. पहिली धाव रोखू नका, जाऊ द्या. तो खडकाकडे किंवा वाहत्या तोंडाकडे पळतो.

मग सोडून द्या. दख्खनच्या खडसाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून. पुढे धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या. विणीसाठी पावसाळ्यात वर चढणारा मासा भिंतीपाशी अडतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडली जातात, म्हणून आज काही तलावांत तो दिसतो. महाडजवळ वाळण कोंडीला आणि इतर काही देवस्थानांच्या डोहांत लोक त्याला हात लावत नाहीत. खडस सावकाश वाढतो आणि मोठी मादी सर्वांत जास्त अंडी देते. खायला रोहू आहे, मृगळ आहे, तिलापिया तर ढिगाने आहे.

सोडलेला मासा जगतो का?

नीट सोडला तर जगतो. हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका, एक हात पोटाखाली ठेवा. तापलेल्या खडकावर टेकवणं सर्वांत वाईट. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला असेल तर गळ काढायला क्षणभर लागतो. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा माशाला दमवत बसण्याची हौस टाळा.

कोणती वेळ चांगली? अमावस्या-पौर्णिमेचं काय?

उजाडताना आणि मावळतीला, उन्हाळ्यात तर फक्त तेव्हाच. हिवाळ्यात उलट: पाणी थोडं तापल्यावर, दहा-अकरानंतर कार्प हलू लागतो. ढगाळ, वारा नसलेल्या पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर ते भुकेले नाहीत, प्राणवायूसाठी धडपडताहेत. गळ टाकण्यात अर्थ नाही. वारा मात्र दोस्त आहे. वाऱ्याच्या समोरच्या काठाला खाणं जमा होतं, चेहऱ्यावर वारा घेऊन बसा. चंद्राबद्दल दोघांना विचारलं तर तीन मतं मिळतील.

रात्री शिवड्यासाठी बसावं का?

एकट्याने नाही. दुसरं म्हणजे शिवड्याची संख्या घटत चालली आहे, तेव्हा एक मिळाला की पुरे म्हणा.

धरणात मासे आपोआप वाढतात ना? मग दरवर्षी बीज का सोडतात?

कटला, रोहू, मृगळ यांना विणीसाठी पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. वर मोठी नदी असेल तर फुगवट्याच्या तोंडाशी थोडीफार वीण होते. बाकी भिस्त सोडलेल्या बोटुकलीवर. म्हणून वीतभर रोहू पिशवीत टाकणं म्हणजे संस्थेचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न नेणं. तो परत गेला पाहिजे.

घरच्या टाकीतले मासे धरणात सोडले तर पुण्य लागेल?

नाही, उपद्रव होईल. काचेला चिकटून टाकी साफ करणारा सकर मासा कुणीतरी असाच सोडला आणि आता उजनीत तो मच्छीमारांची जाळी फाडतो. खायला कुणी घेत नाही. थाई मांगूर हा परदेशी मासा तर त्याहून वाईट. त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. सकर गळाला लागला तर परत पाण्यात टाकू नका.

देशी मासाही चुकीच्या पाण्यात परका ठरतो. आपला दख्खनी खडस कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा मोठा, पाठीवर कुबड असलेला महासीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

धोके कोणते?

पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. उतरत्या पाण्याच्या काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत ओला असतो. त्यात रुतलात तर उभं राहून धडपडू नका. आडवं होऊन वजन पसरा आणि सरपटत बाहेर या. बुडालेल्या विहिरी काठाजवळही असतात, म्हणून अनोळखी पाण्यात चालायचंच असेल तर पुढे काठी टेकत चाला. भिंतीच्या खालच्या बाजूला तर बसूच नका. विसर्ग वाढवताना भोंगा वाजतो, पण भोंगा ऐकू आल्यावर पात्राच्या मधल्या खडकावरून परत येण्याइतका वेळ मिळेलच असं नाही.

वळवाच्या पावसात रॉड खाली ठेवा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, आणि उघड्या काठावर सर्वांत उंच टोक तुमच्याच हातात असतं. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली फेकण्याबद्दलही हेच.

शिंगाळ्याच्या पाठीचा आणि कल्ल्यांमागचा काटा ताठ उभा राहतो आणि खोल जातो. त्याला फडक्यात धरा.

कुणी सुरुंग किंवा विजेचा शॉक लावताना दिसलं तर?

स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. समोर जाऊन भांडू नका. संस्थेला आणि पोलिसांना कळवा. वायर पाण्यात असताना तुम्ही पाण्याबाहेर असलं पाहिजे, ओल्या गाळातही नको.

गळ बोटात रुतला तर?

उलटा काटा आत गेला नसेल तर आल्या वाटेने काढा. गेला असेल आणि जागा साधी, मांसल असेल तर जाड दोऱ्याचा फास गळाच्या वळणात अडकवा, गळाची दांडी कातडीला दाबून धरा आणि दोरा दांडीला समांतर झटक्यात ओढा. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा खोल रुतला असेल तर काढू नका. तंगूस कापून, गळ हलणार नाही असा बांधून दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही विचारा.

तंगूस खाली अडकली की तोडून टाकायची का?

आधी बाजू बदला. अडकल्याच्या उलट दिशेला चालत जाऊन हलक्या हाताने ओढलं की बऱ्याचदा सुटते. अडकली ती कुणाच्या फासजाळ्यात असेल तर अजिबात ओढू नका. जाळं फाटलं तर मालकाचा दिवस जातो. त्याला हाक मारा, तो होडी घेऊन येतो आणि सोडवून देतो. तोडावीच लागली तर रॉडने झटके न देता लाइन कापडात गुंडाळून सरळ ओढा, म्हणजे ती गळाजवळ तुटते आणि पाण्यात लांब धागा राहत नाही. किनाऱ्यावर टाकलेल्या तंगुशीत बगळे-पाणकावळे पाय अडकून मरतात. तुकडे खिशात घाला आणि घरी बारीक कापून कचऱ्यात टाका.